डालड्याच्या डब्यातली साखर

२३ ऑक्टोबर १९६६, रविवार

आले! पाच कंद, पाचही धडधाकट. भगवंतदादानं आबांच्या जुन्या कोपरीत गुंडाळून, ट्रंकेत तळाशी घालून आणले. बोईसर स्टेशनात एकानं रताळी समजून भाव विचारला म्हणे!

पाचगणीचा बंगला विकला गेला. आबांनी माळी म्हणून तीस वर्षं राखलेली बाग नव्या मालकानं चार दिवसांत उपटली — तिथं मोटारी उभ्या करायच्यात. आबा आता भगवंतदादाकडं, पाटणजवळच्या आमच्या गावी राहायला गेलेत. निघताना बागेतली एकच चीज उपसून घेतली. साखर. आमच्या आईच्या नावाची डेलिया. आई साखरबाई, म्हणून ही साखर. ताटलीएवढं पांढरं फूल आणि पाकळीच्या टोकाला गुलाबी कड. ही जात जगात दुसरीकडं कुठं नाही, असं आबा सांगत आलेत आणि मी ऐकत आले.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. कंद कुठला आणि ढेकूळ कुठलं, कळत नाही म्हणतात. म्हणून माझ्याकडं धाडले. वर निरोप काय, तर — "इंदीला सांग, समुद्राकाठी डेलिया येत न्हाई. तरी लाव. माझ्या हातनं मेली न्हाई, एवढं तरी हुईल."

असं होय! बघतेच मी.

२६ ऑक्टोबर

जागा पाहिली. पाहायला आहे काय म्हणा — क्वार्टरच्या मागं मोरी, मोरीपुढं चार हात जमीन, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं खाजणाचा खारा चिखल नि समुद्र. जमिनीत काय? खडी, सिमेंटची ढेकळं, गंजके खिळे. अणुशक्तीचं एवढं मोठं काम चाललंय, त्याचा सगळा कचरा माझ्याच दारी आणून टाकल्यासारखा.

ह्यांना म्हटलं, माती पाहिजे. "कोयनेला धरण बांधलं, हितं वीज करायला आलो, आता माती वाहतो," म्हणाले. कुरकुर केल्याशिवाय ह्यांचं पाऊल उचलत नाही. पण रामकिसन ड्रायव्हरला सांगितलं ह्यांनीच. त्याचा ट्रक खडीसाठी मासवणकडं जातो. संध्याकाळी दोन पोती लाल माती दारात!

२ नोव्हेंबर

लावले. डोळा वर, आडवे, चार बोटं खोल — हात आपोआप चालत होते. लहानपणी आबांच्या मागं मागं फिरले ते वाया गेलं नाही.

रामकिसनची बायको रंभाबाई, शेजारच्याच खोलीतली, कुंपणावरून बघत होती. "काय पुरायलीस गं इंदुबाई? रताळे?" म्हटलं, फुलं. "फुलं! लेकरू ना बाळ, अन् फुलाला पाळणा!" हसत म्हणाली. हसत म्हटलेलंच जास्त लागतं. लग्नाला बारा वर्षं झाली, ऐकतेच आहे, अजून सवय झाली नाही. माती जरा जोरात दाबली.

१९ नोव्हेंबर

चार कोंब! पाचवा कुजला, त्याला कोण काय करणार. पण चार! जाड, लालसर, अंगठ्याएवढे. हे कामाला निघाले होते, तसेच हाताला धरून मोरीमागं नेलं. "बरं हाय," म्हणाले. ह्यांचं 'बरं हाय' म्हणजे दुसऱ्याचा ढोल.

३० नोव्हेंबर

वारा. दुपारी तीन झाले की समुद्रावरून सुटतो आणि दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. पानांच्या कडा तपकिरी झाल्यात, तव्यावर विसरलेल्या भाकरीगत. पान जिभेला लावून बघितलं. खारट!

पाचगणीला थंडी सोसायची सवय झालेलं झाड, इथं मीठ खातंय. बरोबर आहे, मलासुद्धा पहिल्या वर्षी इथली हवा बाधली होती. पण मी जगले की.

४ डिसेंबर

हिरा मावरेवाली रोज टोपली घेऊन जाते. आमच्याकडं हे माळकरी, मासळीचं नाव काढायची सोय नाही. तरी ती पाणी प्यायला दारात टेकते. माहेर दातिवऱ्याचं, दिलीय तारापूरच्या कोळीवाड्यात. आज तिला म्हटलं, हिरा, एखादं फाटकं जाळं देशील का?

"अगो घाटीण बाय! मावरं नाय घेत, नि जालं मांगते? दर्यात जाते काय?"

मोरीमागं नेऊन दाखवलं. वाकून पानं चाचपली. मग म्हणाली, "आमी वाऱ्याला आडोसा करतो तो झापाचा. मी धाडते दादूला." दादू तिचा नवरा. संध्याकाळी माडाच्या झावळ्यांचे विणलेले दोन झाप आणि एक जुनं जाळं घेऊन आला. झाप कुंपणाला बांधले, वरून जाळं दुहेरी करून टाकलं. आणि मी रोज वारा पडला की गोड्या पाण्यानं पान न् पान धुते. रंभाबाई म्हणते, न्हाऊ घालायलीस का! हो, घालतेय.

२१ डिसेंबर

आबा डेलियाला हाडांचा चुरा घालायचे. इथं हाडं कुठली? हिराच्या टोपलीत तळाला सुक्या बोंबलांचा चुरा उरतो, तो ती फेकून देते. मागून घेतला. मीठ असेल म्हणून तीनदा धुतला, झाडापासून वीतभर लांब पुरला. वाटलं, कुणाला कळणार नाही.

मांजरीला कळलं! रात्रीत सगळं उकरून चाळभर पसरलं. सकाळी नळावर रंभाबाईनं दवंडी पिटली — "माळकऱ्याच्या घरात बोंबील शिजतेत!" संध्याकाळी हे गंभीर चेहरा करून आले. मला वाटलं, आता महाभारत. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाड खातंय न्हवं? खाऊ दे. माळ मी घातलीय, झाडानं न्हाई."

अशा वेळी हा माणूस मला फार आवडतो.

१२ फेब्रुवारी १९६७, रविवार

फुलली! साखर फुलली!

तीन झाडं नुसतीच पाल्यानं भरली, चौथ्यानं एक कळी धरली होती. आठ दिवस तिच्याभोवती मुंगीसारखी फिरत होते. आज उघडली. ताटलीएवढी नाही, बशीएवढी आहे. पण पांढरीशुभ्र, आणि टोकाला तीच गुलाबी कड. आईच्या लुगड्याची आठवण आली, नि का कोण जाणे, हसायलाच आलं. समुद्राकाठी येत नाही म्हणे! या म्हणावं, बघा!

अख्खी चाळ येऊन गेली. रामकिसननं ट्रक थांबवून बघितलं. हिरानं टोपली खाली ठेवून दोन्ही हात जोडले. देवीसारखं! रंभाबाई म्हणाली, "हाय बाई छान. पर येकच?" म्हटलं, एकच सूर्य असतो.

आबांना कार्ड टाकलं. मोठ्या अक्षरात.

५ मार्च

आबांचं उत्तर. भगवंतदादाच्या हातचं, पण बोल आबांचेच — "येक फूल आलं म्हंजी आलं असं न्हाई. पावसाळ्यातनं कंद जगवून दाव. मग म्हनीन."

म्हातारा हट्टी आहे. मी त्याचीच मुलगी.

९ एप्रिल

झाडं वाळली, कंद उपसले. बोटभराचे झालेत, पण कठीण आहेत. फूल मी तोडलं नव्हतं. आबा फूल उतरलं की लगेच खुडायचे, देठावर कधी ठेवायचे नाहीत. माझा हात झाला नाही. एकुलतं एक! देठावरच वाळून खडखडीत झालं. तसंच काढून देव्हाऱ्यात ठेवलं, कुलदेवीच्या टाकाजवळ. आईचं नाव आहे त्याला.

पाचगणीला आबा कंद कोरड्या रेतीत पुरून ठेवायचे. वाईहून कृष्णेची रेती आणायचे खास. मला कुठं लांब जायचंय? समुद्रावर गेले, पांढरी बारीक रेती टोपलीभर आणली, चाळली, दोन दिवस उन्हात तापवली. खोक्यात एक थर रेती, एक थर कंद. खाटेखाली सरकवलं. आबांची रेतीसुद्धा एवढी देखणी नव्हती.

१६ जुलै, रविवार

सगळं गेलं.

खोकं सहज ओढलं तर तळ ओला. छप्पर गळत नाही, भिंतीला ओल नाही, मग पाणी आलं कुठून? रेतीत हात घातला तर गारढोण, भिजलेली. कंद हातात धरले की बोटांतून गळतायत, काळ्या लगद्यासारखे. घाण वास.

रेती जिभेला लावली. खारट! समुद्राची रेती ती, खारट नसेल तर काय गोड असेल? मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही. मी ती चाळली! उन्हात तापवली! नदीकाठची ती नदीकाठचीच राहिले.

आईला दुसऱ्यांदा घालवलं असं वाटतंय. भाकरी स्वतः थापली ह्यांनी. कच्ची होती, खाल्ली.

१७ जुलै

रात्री पडल्या पडल्या वाटलं, सगळं नीट बघितलंच नाही. सकाळी उठून तो लगदा पाण्यात धुतला. एका कंदाची मान अजून घट्ट आहे, अंगठ्याएवढी. कापून राख लावली, चुलीवरच्या फळीवर ठेवली. आबांना काही कळवलं नाही. काय कळवायचं?

हिराला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "दर्याची रेती! तिला पावसात घाम सुटते, बाय!" मग तिनं माझा चेहरा बघितला. जाताना म्हणाली, "रडू नको. आमची होडी बुडते, तरी आमी दुसरी बांधतो."

२४ सप्टेंबर

पाऊस ओसरला. तो अंगठ्याएवढा तुकडा लावला. जमिनीत नाही, डब्यात. डालड्याचा मोठा डबा, खाली भोकं पाडली, मासवणची उरलेली माती, पुन्हा बोंबलाचा चुरा. आता वारा आला की डबा उचलून घरात आणता येईल. चूक एकदा ठीक आहे, दोनदा करायला मी काही सरकारी काम नाही.

८ ऑक्टोबर

काही नाही. रोज वाकून बघते. काही नाही.

१४ ऑक्टोबर

दसरा पार पडला. घट उठवला. घटाखालची माती नि देवाचं निर्माल्य पायदळी येऊ देत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी घालतात. आमच्या तुळशीचा नुसता खराटा राहिलाय. मग ती माती डालड्याच्या डब्यात पसरली, वर निर्माल्य चुरून घातलं — झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं, देव्हाऱ्यातलं ते वाळकं फूलसुद्धा. हातात धरताच भुगा झाला. वर धान्याचे पिवळे अंकुर खोचले.

म्हटलं, आई, तूच आता तुझं बघ.

२८ ऑक्टोबर

आला!! कोंब आला!!!

दोऱ्यासारखा बारीक आहे, गेल्या वर्षीसारखा जाडजूड नाही. पहिली दोन पानंसुद्धा गुळगुळीत, लांबट, निराळीच. आजारातून उठलेलं माणूस कसं ओळखू येत नाही, तसं. पण मधून जी पुढची पानं डोकावतायत ती डेलियाचीच, त्यात शंका नाही! मेलेला कंद उठला. देवी पावली, आई पावली, कुणी पावलं असेल ते असो. ह्यांना अंघोळीतून बाहेर बोलावलं. साबण तोंडाला तसाच. "बरं हाय! लई बरं हाय!" — आज दोनदा म्हणाले.

१९ नोव्हेंबर, रविवार

रंभाबाईच्या बाळाचं आज बारसं. अख्ख्या चाळीला आवतन. मला नाही.

कळतं मला. पाळण्याजवळ माझ्यासारखी नको. सगळ्या बायका आमच्या दारावरून नटूनथटून गेल्या, कुणी आत बघितलं नाही. पाळण्याची गाणी भिंतीतून ऐकू येत होती. मी मोरीमागं जाऊन बसले. रोप वीतभर झालंय. त्याला काठी बांधली.

संध्याकाळी दारात झाकलेली वाटी. घुगऱ्या. रामकिसननं ठेवल्या असणार. आधी वाटलं, मोरीत ओताव्या. मग खाल्ल्या. अन्नावर कसला राग? मीठ कमी होतं.

११ डिसेंबर

पहाटे भांडी वाजली, खाट हलली. चाळ सगळी बाहेर. सकाळी रेडिओवर — कोयना. आमची कोयना! हे खाली बसले ते उठलेच नाहीत. ज्या वसाहतीत आम्ही सात वर्षं राहिलो ती पडली म्हणतात. आणि पाटण तिथून किती लांब? आबा, भगवंतदादा.

१५ डिसेंबर

तार आली. सुखरूप! घराची मागची भिंत पडली, माणसं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. देवा!

ओळखीची नावं मात्र रोज येतायत. हे जेवत नाहीत नीट.

२ जानेवारी १९६८

हे जाऊन आले. आबांना बरोबर आणणार होते. आबा म्हणाले, भिंत उभी राहिल्याबिगर भगवंताला सोडून येत न्हाई. फेब्रुवारीत भगवंतदादा आणून सोडेल. इथं मुंबईला डोळ्यांचं करून घेऊ.

आणि विचारलं काय म्हाताऱ्यानं? घर पडलंय, रानात राहतोय, आणि विचारलं — "साखर जगली का?" हे म्हणाले, जगली. "मग येतो. डोळं जायच्या आत येकदा बघतो."

आता फुलायलाच पाहिजे. दुसरा इलाज नाही.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. आज गंमत झाली. मी बोईसरच्या बाजाराला गेले, तीळगूळ घ्यायला, आणि डबा बाहेरच राहिला. दुपारी असा वारा सुटला की झाप फाटले, जाळं उडून बाभळीवर. धावत आले. एक पान करपलेलं नाही! रंभाबाईचं कढीपत्त्याचं झाड काळं पडलं, नि माझी डेलिया उभी! पानं जाड झालीत, तुकतुकीत. गेल्या वर्षीची साखर नाजूक होती, पाहुण्यासारखी राहायची. ही पोरगी खमकी आहे. तिला आता आत नेणार नाही. राहू दे वाऱ्यात.

हिरा म्हणाली, "तुझी घाटीण कोलीण झाली गो!"

२८ जानेवारी

कळ्या! एक नाही, सात!

४ फेब्रुवारी, रविवार

पहिली उघडली.

काय लिहू? ताटलीएवढी! पांढरी, पण पोटात पिवळसर झाक, आणि टोकाला गुलाबी नाही — लाल. कुंकवासारखी लाल. पाकळ्या अरुंद, जरा वळलेल्या, लाट फुटताना वळते तशा. साखर अशी नव्हती. पण हवा बदलली की माणसाचा रंग बदलतो, फुलाचा बदलला तर काय? मीठ आणि बोंबील अंगी लागलेत. सुंदर आहे! मी आज अर्धा दिवस स्वयंपाकच केला नाही. हे शेंगदाणे खाऊन कामावर गेले, तेही खुशीत.

८ फेब्रुवारी

साहेबांच्या बायकांच्या मंडळानं रविवारी फुलांचं प्रदर्शन ठेवलंय, समुद्राकडच्या मैदानावर. ऑफिसबाहेर फळ्यावर लिहिलंय. हे म्हणाले, "नेऊया का?" मी म्हटलं, डालड्याचा डबा? "मग काय, फूल डालड्याचं हाय व्हय?"

डब्याला गेरू लावला. दोन हात दिले तरी खालून अक्षरं दिसतातच. दिसू देत.

११ फेब्रुवारी, रविवार

पहिलं बक्षीस!! मला!! पहिलं!!

नीट लिहिते. सकाळी ह्यांनी डबा खांद्यावर घेतला, मी पुढं. दारावर चिंतू शिपाई. "बाई, हे बंगल्यांतल्या लोकांचं हाय." म्हटलं, कुठं लिहिलंय? दाखव. त्यानं फळा पुन्हा वाचला, बाजूला झाला. शेवटच्या टेबलाच्या टोकाला जागा मिळाली. बाकी सगळ्यांच्या कुंड्या चिनी मातीच्या, पुण्याहून मागवलेली गुलाबं, झालरीसारखी कुठलीकुठली फुलं. सकाळी ती सगळी माझ्यापेक्षा देखणी होती, खोटं का बोला. एक अमेरिकन मडम माझ्या फुलाशी आली, खाली वाकून वास घेतला — आणि ताडकन मागं! फुलाला वास नसतो, पण बोंबलाला असतो की! ह्यांना हसू आवरेना.

परीक्षक पुण्याचे. बारा वाजता फुलं बघायची, ते साहेबांकडं जेवायला बसले. दोन झाले. तीन झाले. आणि तीन वाजता माझा वारा आला! माझाच म्हणते आता. गुलाबांनी माना टाकल्या, पाकळ्या टेबलांवरून वाळूत. बायका पदर धरून आडव्या उभ्या राहिल्या, पण समुद्राला पदर पुरतो होय? चार वाजता परीक्षक ढेकर देत आले, तेव्हा सबंध मैदानात एकच झाड ताठ उभं होतं. सात फुलं, एक पाकळी हललेली नाही.

चष्मा पुसून बघितलं त्यांनी. "कोणती जात ही?"

"साखर."

"अशी जात माझ्या पुस्तकात नाही."

म्हटलं, "मग लिहून घ्या."

स्टीलचा डबा मिळाला, झाकणाचा. सगळ्यांदेखत नाव पुकारलं — इंदुबाई मारुती. रंभाबाई बाळाला घेऊन गर्दीत होती. टाळ्या वाजवत होती बरं का, बाळाचे हात धरून! येताना हे एवढंच म्हणाले, "आता आबाच काय म्हनत्यात बघू."

१७ फेब्रुवारी, शनिवार

आबा आले. अंधार पडल्यावर पोचले. किती वाळलेत! एक डोळा गेलाच, दुसऱ्यानं धूसर दिसतं. जेवायच्या आधीच — "कुठं हाय?" म्हटलं, आता कंदिलाच्या उजेडात नाही, उद्या सकाळी. कुरकुरत झोपले. मीच जागी. काय म्हणतील? म्हणावंच लागेल आता!

१८ फेब्रुवारी, रविवार

आबांना हाताला धरून डब्यापाशी बसवलं. फूल चाचपलं. पान चोळून हुंगलं. मग बोट मातीत खोल घातलं आणि माझा तो अंगठ्याएवढा कंद बाहेर काढला. काळा, पोकळ, केव्हाचाच मेलेला. रोप तसंच उभं! त्याचं मूळ वेगळंच होतं.

"इंदे, ही साखर न्हवं गं. साखर गेली. ही बियाची हाय, साखरंच्या पोटची. वाळकं फूल कुठं टाकलं हुतंस?"

देव्हारा. दसरा. हातातला तो भुगा! मी खालीच बसले, रडायला लागले. आणि आबा हसत होते.

"येडे, साखर तरी कुठनं आली हुती? बंगल्याच्या उकिरड्यावर उगवली. तुझ्या आईनं दावली, मला उपटू दिली न्हाई. ही हितं जन्मली, म्हनून हितला वारा सोसती. तुझी हाय ही. नाव तू ठेव."

घुगऱ्या शिजत घातल्यात. हिरा गाणी म्हणायला येतेय. रंभाबाईच्या दारात मी स्वतः गेले, तिला कुंकू लावलं आणि सांगितलं — संध्याकाळी आमच्याकडं बारसं आहे, बाळाला घेऊन या!